अवधानाचे सुख

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हैदराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळ स्थापन होते ते उत्साहाच्या बळावर. ते पन्नास वर्षे चालते ते मात्र दुसऱ्याच एका गुणावर. दरवर्षी वर्गणीच्या पावत्या फाडणे, गणेशोत्सवाच्या आधी महिनाभर नाटकाच्या तालमींसाठी जागा शोधणे, ग्रंथालयाचे कपाट आठवड्यातून एकदा का होईना, पण न चुकता उघडणे, ह्या कामांना कोणी टाळ्या वाजवीत नाही. तरी ती झाली, म्हणून आज आपण येथे जमलो आहोत. एका गोष्टीकडे पुनःपुन्हा आणि दीर्घकाळ लक्ष देण्याच्या ह्या गुणाला आपल्या जुन्या भाषेत अवधान असे सुंदर नाव आहे. संयोजकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा ह्या गुणाविषयीच चार शब्द बोलावेत असे आम्ही ठरविले.

हल्ली कोणाच्याही घरी गेले, तरी चहाबरोबर एक तक्रार ऐकायला मिळते. मुलांचे कशातच लक्ष लागत नाही. पुस्तक उघडले की पाचव्या मिनिटाला मिटते, गाणे लावले की अंतऱ्यापर्यंतही कोणी थांबत नाही. ही तक्रार आजोबा करीत असतात, तोच टीपॉयवरचा मोबाईल उजळतो आणि आजोबाही चष्मा सावरून त्यात डोकावतात. म्हणजे तक्रार नातवाची असली, तरी दुखणे साऱ्या घराचे आहे. त्यावर आपण जे उपाय सुचवितो, ते बहुधा दटावणीचे असतात. लक्ष देणे हा जणू कडू काढा आहे आणि तो नाक दाबून घेतलाच पाहिजे, असा आपला सूर असतो. आम्हांला वाटते, मूळ चूक येथेच होते. अवधान हे सुखाचे साधन आहे, आणि ते सुख कसे मिळवावे हे शिकता येते. ह्यासाठी आम्ही आज दोन साक्षीदार आपल्यापुढे उभे करणार आहोत. एक आपल्या घरचा, दुसरा आपल्या शेजारचा.

घरचा साक्षीदार म्हणजे ज्ञानेश्वर. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशास सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय आपण उघडलात, तर आरंभीच एक मागणे दिसेल. समोर जाणत्यांची सभा बसली आहे, आणि ज्ञानेश्वर तिच्याकडे फक्त अवधान मागतात. ते दिलेत तर सर्व सुखाला पात्र व्हाल, असे त्यांचे आश्वासन आहे. लगेच ते सावरूनही घेतात, की हे आपण मोठेपणाने बोलत नाही, लेकराने सलगीने मागावे तसे मागत आहोत. श्रोत्यांनी लक्ष द्यावे म्हणून त्यांना पुण्याचे आमिष किंवा पापाचे भय दाखविता आले असते. ज्ञानेश्वरांनी येथे नाव घेतले ते सुखाचे.

सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या ह्या आश्वासनाशेजारी आजच्या काळातील एक पाहणी ठेवून पाहू. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट ह्या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली ती प्रसिद्ध केली. सुमारे २२५० प्रौढ माणसांना दिवसातून अधूनमधून, अवचित वेळी, त्यांच्या फोनवरूनच विचारण्यात आले: आत्ता आपण काय करीत आहात, मन त्यातच आहे की दुसरीकडे, आणि आपल्याला कसे वाटते आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, मन भटकत असताना माणसे कमी सुखी आढळली. माणूस कोणते काम करतो आहे, ह्यापेक्षा त्याचे मन त्या कामात आहे की नाही, ह्यावरून त्याच्या सुखाचा अंदाज अधिक चांगला बांधता येत होता. एका पाहणीने सर्व काही सिद्ध होते असे आम्ही म्हणत नाही. पण नवव्या अध्यायातील मागण्याला एवढा दुजोरा पुरेसा आहे.

आता शेजारच्या साक्षीदाराकडे वळू. आपण तेलुगू मुलुखात राहतो, आणि ह्या मुलुखाने अवधान ह्याच नावाची एक कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. कन्नडमध्ये आणि संस्कृतातही ती आहे. परंतु तेलुगू भाषेत तिचा बहर काही वेगळाच. आपल्यापैकी अनेकांनी अष्टावधानाच्या फलकावरून नजर फिरविली असेल आणि 'आपल्याला भाषा कुठे कळते' म्हणून पुढे पाऊल टाकले असेल. म्हणून ती सभा कशी असते हे थोडे विस्ताराने सांगतो.

व्यासपीठावर मधोमध अवधानी बसतो. त्याच्यापुढे कागद नसतो, लेखणी नसते. सभोवार आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न घालणारे, बसतात. पहिला एक अवघड, कधी कधी तर निरर्थक भासणारी ओळ देतो आणि ती अर्थपूर्ण ठरेल असे पद्य पुरे करावयास सांगतो, ही समस्यापूर्ती. दुसरा चार शब्द देतो, ते चारही दिलेल्या विषयावरील पद्यात बसवावयाचे, ही दत्तपदी. तिसऱ्याचे नाव निषिद्धाक्षरी. अवधान्याने एक अक्षर उच्चारले की हा पृच्छक, पुढे कोणते अक्षर येणार हे ताडून, त्यालाच मनाई करतो. अवधान्याला वाट बदलून, वृत्त न मोडता, अर्थ न सोडता पुढे जावे लागते. चौथा एखाद्या प्रसंगाचे वर्णन मागतो, कोणी तत्काळ कविता मागतो, कोणी पुराणातील एखादे पद्य म्हणून त्याचा संदर्भ विचारतो. एक जण मधूनमधून घंटेचे टोले देत असतो. शेवटी एकंदर किती टोले पडले ते सांगावयाचे. आणि आठवा पृच्छक असतो अप्रस्तुतप्रसंगी! त्याचे कामच मुळी विघ्न आणणे. अवधानी ऐन अक्षरांच्या जुळणीत गढलेला असताना हा मध्येच विचारणार की, आपल्या घरी आज भाजी कोणती होती, आणि अवधान्याने त्यालाही हसतमुखाने, सभा खूष होईल असे उत्तर द्यावयाचे.

पद्ये एकाच दमात पुरी होत नाहीत. अवधानी एका पृच्छकाला एक चरण देतो आणि दुसऱ्याकडे वळतो. अशा फेऱ्या होत होत पद्ये भरत जातात. सर्वांत शेवटी येते ती धारणा. मघापासून तुकड्यातुकड्यांनी रचलेली सारी पद्ये अवधानी ओळीने, अखंड म्हणून दाखवितो. आठांऐवजी शंभर पृच्छक असले की ते शतावधान, आणि ते काही दिवस चालते. दिवाकर्ल तिरुपती शास्त्री आणि चेळ्ळपिळ्ळ वेंकट शास्त्री ह्या कविद्वयाने, तिरुपती वेंकट कवुलु ह्या जोडनावाने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी संस्थानिकांच्या दरबारांतून ही कला गाजविली. आजही ती जिवंत आहे.

कोणी म्हणेल, ही तर आठ कामे एकाच वेळी करण्याची करामत झाली, म्हणजे हल्लीच्या आपल्या धांदलीचेच मोठे रूप. नीट पाहिले तर हे उलट आहे. अवधानी कोणत्याही क्षणी एकाच पृच्छकाचा असतो. त्या चरणापुरते दुसरे कोणी त्याला नसतेच. चरण पुरा झाला की तो मनातल्या आपल्या जागी ठेवून दिला जातो आणि मगच मान दुसरीकडे वळते. आपण जी धांदल करतो, तिच्यात काम अर्धे टाकून दुसरे उचलले जाते. २००९ साली सोफी लेरॉय ह्या संशोधिकेने ह्याचाच अभ्यास मांडला. हातातले काम अपुरे सोडून आपण दुसऱ्याकडे वळलो, तर मनाचा काही भाग मागच्या कामातच रेंगाळतो आणि नव्या कामाचा कस उतरतो. ह्याला त्यांनी लक्षाचा अवशेष अशा अर्थाचे नाव दिले. अवधान्याने पद्य अपुरे ठेवलेले असते हे खरे. पण चरण पुरा असतो, थांबा नेमका असतो. म्हणूनच पुन्हा वळताना त्याला वाट शोधावी लागत नसावी. आपल्यासाठी ह्यातून पहिला धडा निघतो: थांबायचे तर चरणाच्या शेवटी थांबावे. परिच्छेद संपवून, हिशेबाचे पान पुरे करून, निदान पुढची पायरी कागदावर टिपून मग उठावे.

दुसरा धडा त्या अप्रस्तुतप्रसंग्याकडून. ही कला रचणाऱ्यांनी विघ्नाला सभेबाहेर काढले नाही. त्याला खुर्ची दिली, पाळी दिली आणि त्याच्याकडून सभेला हसविलेही! मन विचलित होणारच, हे त्यांनी धरून चालले. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स ह्यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात म्हटले आहे की, इच्छाशक्तीने धरून ठेवलेले लक्ष काही सेकंदांपलीकडे सलग टिकतच नाही; ज्याला आपण दीर्घ लक्ष म्हणतो ते वस्तुतः पुनःपुन्हा परत येणे असते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो, तेव्हा श्रीकृष्ण ती नाकारीत नाहीत. मन आवरणे अवघड आहे हे मान्य करून अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय ते सांगतात, आणि जेथे जेथे मन जाईल तेथून त्याला परत आणावयास सांगतात. मन भटकले म्हणजे आपण नापास झालो, असे ज्याला वाटते तो पुस्तक मिटतो. भटकलेले मन परत आणणे हाच अभ्यास आहे, असे ज्याला उमगते तो पान उलटतो. दोघांत फरक असतो तो एवढाच.

घंटेच्या टोल्यांकडून तिसरा धडा मिळतो, आणि तो मर्यादेचा आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर तासन्‌तास नजर ठेवणाऱ्या ब्रिटिश वैमानिकदलातील माणसांकडून चुका होऊ लागल्या. नॉर्मन मॅकवर्थ ह्यांनी त्यासाठी एक चाचणी योजली, तिचा वृत्तान्त १९४८ साली प्रसिद्ध झाला. एका तबकडीवर काटा ठराविक टप्प्यांनी सरकत असे आणि क्वचित दुप्पट उडी घेई. ती उडी तेवढी टिपावयाची. दोन तासांच्या पहाऱ्यात पहिल्या अर्ध्या तासानंतरच हुकलेल्या उड्या वाढू लागल्या. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावली, तेव्हा मात्र नजर टिकली. कंटाळवाण्या कामावर नुसत्या निर्धाराने दोन दोन तास लक्ष ठेवणे चांगल्या कसलेल्या माणसांनाही जमत नाही. मग दहा वर्षांच्या मुलाला 'दोन तास हलू नकोस' असे बजावून आपण काय साधतो? अर्धा तास हे उत्तम माप आहे. तेही आरंभी जड वाटले, तर वीस मिनिटे घ्यावीत.

इथवर झाले ते अवधान टिकविण्याविषयी. आता त्यातले सुख नेमके कोठून येते ते पाहू, कारण सुख नसेल तर कोणताही नेम महिनाभराच्या पुढे जात नाही.

आपल्या संगीतातील विलंबित ख्यालाचे उदाहरण घ्या. विलंबित एकतालात मात्रा बारा, पण लय इतकी संथ की, कित्येकदा एक आवर्तन पुरे व्हायला मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. नव्या श्रोत्याला वाटते, येथे काहीच घडत नाही. पण जो दहा-पंधरा मिनिटे टिकून राहतो, त्याच्या कानात हळूहळू समेची वाट तयार होते. गवई आता कोठे आहे, सम किती दूर आहे, तो वेळेवर पोचेल की नाही, अशी एक गोड हुरहूर सुरू होते. मग सम येते आणि सारी बैठक एकदम मान हलविते. ते सुख केवळ समेच्या स्वरात नाही. तोच स्वर पहिल्या मिनिटाला आला असता, तर कोणाची मान हलली नसती. आपण लक्ष देऊन जी वाट पाहिली, तिने त्या स्वराला मोल आणले. दीर्घ अवधानाचे सुख असे उशिरा येते, आणि त्याच्या दाराशी नेहमी थोडा कंटाळा बसलेला असतो. कादंबरीची पहिली वीस पाने, बुद्धिबळाच्या डावातील आरंभीच्या खेळी, ठिपक्यांच्या मोठ्या रांगोळीतले नुसते ठिपके, येथे सर्वत्र हा कंटाळा आहे. तो उंबरठा आहे हे न कळल्यामुळे पुष्कळ माणसे दारातूनच परततात, आणि आत काही नव्हते असे बाहेर सांगतात. मोबाईलचे खरे नुकसान आम्हांला येथे दिसते. कंटाळ्याच्या पहिल्याच क्षणी तो हाती येतो, आणि उंबरठा ओलांडायचा राहून जातो.

आता आपल्या घरांविषयी थोडे बोलू, कारण परमुलुखात राहणाऱ्यांना ह्या गोष्टीची किंमत अधिक मोजावी लागते.

आपली मुले मराठी बोलतात, ह्याचा आपल्याला अभिमान आहे. त्यांतली बहुतेक हिंदी शिकतात, त्यामुळे देवनागरी अक्षरेही त्यांना येतात. मग मराठी पुस्तक हाती घेतल्यावर अडते कोठे? आमच्या पाहण्यात ते अडते पानभर टिकण्यावर. ज्या शब्दांचा कान झालेला नाही, ते दर ओळीत भेटतात, वाचनाचा वेग मंदावतो, कंटाळ्याचा उंबरठा उंच होतो आणि पुस्तक मिटते. ज्या मुलांची शाळा, बाजार आणि खेळ मराठीत आहेत, त्यांना मराठी न वाचताही रोज कानावर पडते. आपल्या मुलांसाठी तशी सोय नाही. घरातली मराठी बहुधा 'जेवायला चल', 'दिवा मालव', 'पोचलास की फोन कर' एवढ्या वाक्यांची असते. प्रेम त्यात पुष्कळ असते, पण रागावलेल्या माणसाच्या मनात काय चालते, न्याय म्हणजे काय, मृत्यूकडे कसे पाहावे, हे बोलायला लागणारी मराठी त्या वाक्यांत नसते. ती लांब गोष्टीत, लांब संभाषणात, सलग वाचनात असते. दीर्घ अवधान घरातून गेले, तर मराठी केवळ हाकांची आणि हुकमांची भाषा म्हणून उरेल, आणि पुढच्या पिढीत त्या हाकाही दुसऱ्या भाषेत येतील. आपल्यापैकी काहींच्या नातेवाइकांकडे हे घडलेले आपण पाहिले आहे.

ह्यावर उपाय फार खर्चाचा नाही. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे घरातल्या एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. मुलाला वाचता येत नसेल, तर कान तर आहेत! मोबाईल, मोठ्यांचेसुद्धा, दुसऱ्या खोलीत असावेत. शेजारी एक कोरा कागद असावा. मध्येच आठवलेले गॅसचे बिल किंवा उद्याचा निरोप त्यावर टिपावा. अप्रस्तुतप्रसंग्याला दिलेली ती खुर्ची समजा. प्रकरण संपेल तेथे थांबावे, आणि दुसऱ्या दिवशी कालची गोष्ट कोठवर आली होती, हे वाचणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तरी सांगावे. ती आपली घरगुती धारणा. त्याची परीक्षा मात्र करू नये. विसरले तर हसून पुढे जावे.

पुस्तक कोणते, असे कोणी विचारील. आरंभाला साने गुरुजींची 'श्यामची आई' घेता येईल. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ह्या पुस्तकाची मांडणीच मुळी अशा ऐकण्याची आहे. आश्रमातील मित्र रात्री जमतात आणि श्याम आईच्या आठवणी सांगतो. म्हणून त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, आणि त्या बेचाळीस आहेत. एका रात्रीला एक रात्र वाचली, तर दीड महिन्यात पुस्तक पुरे होईल. पहिल्या चार-पाच रात्री मुले चुळबुळ करतील. जुने शब्द अडतील, कोकणातले घर परके वाटेल. त्या रात्री तेवढ्या निभावून न्याव्यात. दहाव्या रात्रीच्या सुमारास एखादे मूल स्वतःहून विचारील, आज वाचायचे ना? तो प्रश्न आला की आपले काम झाले. आपल्या ग्रंथालयात ह्या पुस्तकाच्या पाच-दहा प्रती ठेवाव्यात आणि सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्या घरांत त्या बेचाळीस रात्री पुऱ्या होतील, त्या घरांनी गणेशोत्सवात एकत्र बसून त्याविषयी बोलावे, अशी आमची कार्यकारिणीला नम्र सूचना आहे. स्पर्धा नको, बक्षीस नको.

शेवटी पुन्हा एकदा नवव्या अध्यायाकडे जातो. अवधान मागितल्यानंतर ज्ञानेश्वर श्रोत्यांना त्यांचेच मोठेपण सांगतात. चंद्रकांत मणी पाझरतो खरा, पण ती करणी चंद्राची असते. तसा श्रोत्यांवाचून वक्ता हा वक्ताच नाही, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे अवधानाचे सुख देणाऱ्याला मिळते तसे घेणाऱ्यालाही मिळते. आपल्या प्रत्येकाच्या घरी असा एखादा चंद्रकांत मणी असतो. नागपूरची, मिरजेची किंवा परभणीची आठवण मनात साठवून बसलेली आजी असते. तिच्याजवळ ओव्या आहेत, गोष्टी आहेत, आणि ऐकणारे कोणी नाही म्हणून ती गप्प आहे. कार्यालयातून थकून आलेला मुलगा असतो, शाळेतून काही तरी मनात घेऊन आलेली नात असते. त्यांना आपण रोज पुष्कळ काही देतो. दहा मिनिटांचे पुरते लक्ष तेवढे द्यायचे राहते.

मंडळाच्या पुढच्या पन्नास वर्षांत सभागृह मोठे होवो, सभासद वाढोत, नाटके रंगोत, ही सदिच्छा तर आहेच. पण त्या शतकमहोत्सवी व्यासपीठावर जो कोणी वक्ता उभा राहील, त्याचे तासभराचे मराठी भाषण शेवटपर्यंत ऐकणारे आणि ऐकून सुखावणारे श्रोते ह्या घरांतून तयार होवोत, अशी आमची प्रार्थना आहे.